नाव नसलेली बरणी

दिशानं काचेची बरणी घासूनपुसून लख्ख केली, उन्हात पालथी घातली, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "ह्यात माझं आंबवण होतं..."

वळून बघते तर उंचापुरा पोरगा, भुवईवर पीठ, आणि चेहरा असा की घरची म्हैसच हरवलीय.

इंदापुरात बचत गटानं चालवलेल्या त्या सामायिक स्वयंपाकघरात दिशाचा तिसराच दिवस. शेळगावहून एसटीनं यायचं आणि वाट्याच्या दोन तासांत नानकटाई, केक भाजायचे. देखरेखीला द्वारकामावशी. त्यांचा नियम एकच, फळीवरच्या बरणीवर नाव पाहिजे. या बरणीवर नव्हतं. आत आंबूस वास, वर बुडबुडे. नासलंय म्हणून तिनं ओतून दिलं. आता यात तिचं काय चुकलं, सांगा बरं!

"नासलं न्हवतं ओ, जिवंत होतं. सहा महिने रोज खपली गव्हाचं पीठ नि पाणी घालून जपलं. त्याच्यावरच माझा पाव फुगतो." पोरगा पळसदेवचा, नाव बुद्धघोष. "पंधरा दिवसांनी बारामतीच्या कॅफेत चाखायला न्यायचा हाय. आवडला तर रोजचा पाव माझा."

"मग नाव का न्हाय टाकलं?"

"राहून गेलं..."

दिशाला रडूच फुटलं. "मी करते पुन्हा. सकाळी मीच आधी येते. तुमी फक्त सांगा कसं."

रोज थोडं काढायचं, नवं पीठ घालायचं, हलवायचं. चार दिवस काही हललं नाही. पाचव्या दिवसापासून बुद्धघोष लवकर यायला लागला.

"तुमची पाळी अकराला. आत्ता साडेनऊ."

"बरणी बघायला आलो."

"बरणी तिकडं हाय."

"व्हय... हाय की." नजर मात्र तिच्यावरच!

दिशा वेलदोडे कुटत राहिली. साखर दोनदा पडली, ते नानकटाई चाखल्यावर कळलं. त्यानं मात्र चार खाल्ल्या.

बाराव्या सकाळी बाहेर भुरभुर पाऊस होता. बरणीत एक बुडबुडा आला... मग दुसरा... मग पीठ काठापर्यंत चढलं. "आलं! अगं बाई, आलं!" तिनं त्याचा हात धरला. सोडायचं दोघांनाही सुचलं नाही.

रविवारी तो चार पाव फडक्यात गुंडाळून बारामतीला गेला. दिशाला दिवसभर चैन पडेना. पाव नापसंत झाला तर पाप आपलं. पसंत झाला नि तो तिकडंच राहिला तर...?

सोमवारी तो आला. "आवडला. कॅफेवाले म्हणाले, हितंच भट्टी देतो, बारामतीत राहायला या."

"मग जावा की," ती पाठ फिरवून म्हणाली.

"न्हाय म्हणालो. इंदापुरात भाजीन, सकाळच्या गाडीनं धाडीन. तयार झाले."

"का पण?"

त्यानं बरणीवर पांढरी पट्टी चिकटवली, स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली जागा सोडून पेन तिच्यापुढं धरलं. "दिशा, मला तू लई आवडतीस. तुझ्या मनात असंल... तरच लिही."

तिनं पेन घेतलं नि खाली आपलं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

द्वारकामावशींनी चष्मा सारखा करून दोन्ही नावं वाचली. दोघांकडं एकदा बघितलं. मग अख्ख्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ही बरणी आता कुणी धुवायची न्हाय!"