ठिपके थांबेपर्यंत

"झाला बरं का तुमचा प्लेअर!" ती ऐटीत म्हणाली. "वेग पार बसला होता. आता ऐका, कसा टुणटुणीत वाजतो!"

रेकॉर्ड प्लेअरच्या दुरुस्तीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. काऊंटरपलीकडचा हा उंच, अबोल माणूस काल बाबांकडे नुसती सुई बदलायला प्लेअर ठेवून गेला होता. आत त्याची रेकॉर्ड राहिलेली. ती लावली तर गिटार अशी रेंगाळत होती, की हिने सरळ मोटरचा वेगाचा स्क्रू पिळला. मापायचं कशाला? कान होता ना!

त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ही गिटार... मीच वाजवलीय," तो म्हणाला. "ती मुळातच संथ आहे हो."

बाबांनी ठिपक्यांची चकती प्लेटवर ठेवली. वेग बरोबर असला की दिव्याखाली ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. हे ठिपके धूम पळत होते!

"काय कानसेन," बाबा म्हणाले, "घ्या आता!"

ती लालेलाल झाली. तो माणूस हसला असता तर परवडलं असतं... पण तो हसला नाही.

"आमच्या बँडचा ड्रमवालाही हेच म्हणतो. उद्याच्या कार्यक्रमात सगळं पटापट वाजवायचं, नाहीतर लोक झोपतील. मी एकटाच अडून बसलोय. तुम्हालाही ते बिघडल्यासारखं वाटलं, म्हणजे..."

"म्हणजे काही नाही! बसा तिथे. बिघडवलंय मी, सरळही मीच करणार."

ठिपके थांबेपर्यंत तिने स्क्रू उलटा फिरवला आणि सुई टेकवली.

एकच गिटार, तेच चार स्वर, पुन्हा पुन्हा. मग तेही विरले. संपलं वाटून तिने सुईकडे हात नेला — त्याने हळूच तिचं मनगट धरलं.

"थांबा ना..."

शांतता. त्याची बोटं मनगटावर तशीच. आणि मग सगळ्या गिटारी एकदम कोसळल्या, त्यांच्या मागून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळे का भरले, ते तिलाच कळेना.

"हे काय होतं?"

"पोस्ट-हार्डकोर म्हणतात याला, रॉकचाच एक प्रकार. आधी आम्ही नुसतेच ओरडायचो. आता ओरडायच्या आधी थांबतो."

"मग थांबणं सोडू नका," ती म्हणाली. "मी चुकले. हे वाक्य मी बाबांनासुद्धा कधी म्हटलेलं नाही."

"अगदी खरं!" आतून बाबा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गर्दीत सगळ्यात पुढे उभी होती. ड्रमवाल्याने काठ्या आपटून झपाझप मोजायला सुरुवात केली. गिटारवर हात ठेवून तो घुटमळला... आणि त्याला ती दिसली. तिने हात उंच केला आणि हवेतच एक स्क्रू उलटा पिळला.

तो हसला. ड्रमवाल्याकडे वळून त्याने नकारार्थी मान हलवली आणि एकट्यानेच ते चार स्वर छेडले. सावकाश. कुणी झोपलं नाही. शांतता आली तेव्हा सगळं सभागृह श्वास रोखून उभं होतं, आणि तिची मान अशी ताठ, जणू गिटार तिनेच वाजवली!

"या कोण?" नंतर ड्रमवाल्याने विचारलं.

"आमचा वेग यांनी लावलाय," तो म्हणाला. केवढ्या अभिमानाने!

"आणि तो आता कुणी हलवायचा नाही," तिने ड्रमवाल्याला बजावलं.

दाराशी तो रेंगाळला. "प्लेअर दुकानातच राहिलाय. न्यायला येईन. पण... पुन्हा बिघडला तर?"

"माझ्या हातचं काम पुन्हा बिघडत नाही."

"अरेरे. मग परत यायला निमित्त काय सांगू?"

ती काही बोलली नाही. त्याने घाई केली नाही. थांबणं त्याला चांगलं जमत होतं.

"निमित्त कशाला हवं?" ती शेवटी म्हणाली. "तुम्ही या... म्हणजे... तू ये."