गांडुळांचं विरजण

"पाणी मुंगीनं घालायचं, सालं मी पसरायची आणि उपदेश प्रोफेसरनं करायचा," असं कामाचं वाटप करत भोपूनं शाळेचं मागचं फाटक ढकललं.

भोपूचा आवाज असा, की तो कुणाच्या कानात कुजबुजला तरी शेजारच्या वर्गातून खडू आपटल्याचा आवाज यायचा. प्रोफेसरला जाड चष्मा होता आणि त्याच्या खिशात कायम एक भिंग असायचं. मुंगी तिघांत सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत कामसू. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं.

सुट्टी लागून अकरा दिवस झाले होते. शाळेत रंगकाम चालू होतं, त्यामुळे व्हरांड्यात बाकं एकावर एक रचून ठेवली होती आणि सगळीकडे टर्पेंटाइनचा वास भरून राहिला होता. मुलं मागच्या अंगणात गेली. तिथे विटांचा एक लांबट वाफा होता, वरून ओलं गोणपाट घातलेला. हा गांडूळखताचा वाफा. गेल्या वर्षी बाईंनी तो वर्गाकडूनच बांधून घेतला होता. विटा मुलांनी वाहिल्या, शेण मुलांनी कालवलं, नाकं मुलांनीच मुरडली आणि तीन महिन्यांनी काळंभोर खत हाती आलं तेव्हा ते घरी न्यायला भांडलीही मुलंच.

भोपूनं गोणपाट उचललं आणि तो एकदम गप्प झाला. भोपू गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हती.

"काय रे?" मुंगीनं विचारलं.

"हलत नाहीत."

वाफ्यात गांडुळं होती, पण वरच्या वर, फिकी पडलेली, दोरीच्या तुकड्यांसारखी. मुंगीनं हातानं माती उकरली. एरवी बोट घातलं की दहा-बारा तरी वळवळत खाली पळायची. तिनं कोपरापर्यंत हात घातला. काहीच हललं नाही.

मुंगीनं हात बाहेर काढला. बाईंना जाऊन पाच आठवडे झाले होते. दवाखान्यातून त्यांनी वर्गाला शेवटचा निरोप पाठवला होता तो एवढाच, की वाफ्याकडे लक्ष ठेवा. बाईंची म्हणावी अशी एवढीच जिवंत गोष्ट शाळेत उरली होती, आणि ती मेली होती.

हेडसर व्हरांड्यात कपाटांच्या किल्ल्या शोधत होते. तिघं धावतच त्यांच्याकडे गेली.

"पाणी जास्त घातलं असेल तुम्ही," ऐकून न ऐकल्यासारखं करत ते म्हणाले.

"एक दिवसाआड फक्त दोन तांबे घालतो सर," प्रोफेसर म्हणाला. "वहीत लिहिलंय."

"मग कमी घातलं असेल. बाळांनो, किडेच ते. शाळा उघडली की बघू."

"किडे काय म्हणतात सर?" परत येताना भोपू धुसफुसला. "बाईंसमोर म्हणून दाखवलं असतं का?"

प्रोफेसरनं भिंग काढलं. वाफ्याच्या चारी बाजूंनी तो रांगला. मुंग्या नव्हत्या, उंदरांचं बीळ नव्हतं. मग त्यानं नाक खाली नेलं आणि वास घेतला.

"इथली माती रंगाचा वास मारतेय."

"सगळी शाळाच मारतेय," भोपू म्हणाला.

"पण मातीच्या आतून कसा येईल?"

वाफ्याला पाणी दोन वाटांनी मिळायचं. एक तांब्यानं, आणि दुसरी वाट बाईंच्या डोक्यातून निघालेली. डबा खाल्ल्यावर मुलं हात धुवायची ते पाणी वाया जायचं. बाईंनी मुलांना घेऊन त्या मोरीपासून वाफ्यापर्यंत पाइप पुरला होता. मध्ये वाळू आणि कोळशाचा एक खड्डा होता, तिथे पाणी गाळलं जाऊन पुढे जायचं. प्रोफेसर आणि भोपूनं मिळून त्या खड्ड्यावरची फरशी सरकवली.

वाळूवर पोपटी रंगाची साय धरली होती. शाळेच्या खिडक्यांना कालच लावलेला तो पोपटी.

"सापडला चोर," भोपू म्हणाला. "रंगारीकाका मोरीत ब्रश धुतात!"

 मुंगी मोरीपाशी गेली. मोरीत दोन भोकं होती, एक वाफ्याकडे जाणारं आणि एक गटाराकडे. दोन्हींत मिळून लाकडाचं एकच बूच. शाळा चालू असली की ते गटाराच्या भोकात, म्हणजे पाणी वाफ्याला. सुट्टी लागली की ते वाफ्याच्या भोकात, कारण सुट्टीत शाळा धुतात, फिनेल ओततात. दर सुट्टीच्या आदल्या दिवशी बाई स्वतः बूच बदलायच्या.

बूच अजून गटाराच्या भोकातच होतं.

ते बदलायचं काम मुंगीचं होतं. आजारी पडायच्या आधी बाईंनी तिला एकटीला बोलावून सांगितलं होतं, "मी नसले तर बूच तुझ्याकडे हं." आणि शाळेच्या शेवटच्या दिवशी ती निघालीही होती. पण त्या दिवशी सभागृहात बाईंच्या फोटोला हार घातला होता, सगळे रडले होते, आणि मोरीच्या कोपऱ्यावर वळताच मुंगीला खुंटीवर बाईंची उन्हात घालायची टोपी दिसली. तिच्यानं पुढे पाऊल टाकवेना. ती तशीच माघारी फिरली. उद्या करू म्हणाली, आणि मग तिनं त्या बुचाचा विचारच मनात येऊ दिला नाही.

"काय गं, पांढरीफटक पडलीस," भोपू म्हणाला.

"काही नाही," मुंगी म्हणाली.

रंगारीकाका शिडीवर होते. कानामागे पेन्सिल, अंगभर पोपटी शिंतोडे.

"मोरीत?" त्यांनी वर बघतच विचारलं. "छे. हेडसरांनी पहिल्याच दिवशी बजावलंय, ब्रश पिंपात धुवायचे. रोज पिंपातच धुतो. ते बघा तिकडे, जिन्याखाली."

एवढ्यात हेडसर आणि त्यांच्यामागून शिपाईकाका आले. भोपूचा प्रश्न त्यांनी दोन खोल्या ओलांडून ऐकला होता.

"झालं समाधान?" हेडसर म्हणाले. "उगाच मोठ्या माणसांवर आळ घेऊ नये."

प्रोफेसर मात्र जिन्याखाली जाऊन वाकला होता. तिथे तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग तो अगदी अदबीनं म्हणाला, "काका, तुम्ही आठ दिवस रोज या पिंपात ब्रश धुताय?"

"रोज म्हणजे रोज."

"मग ही पोपटी का झाली नाहीत?"

आडव्या पडलेल्या पिंपात एक करडी मांजर चार पिल्लांना पोटाशी घेऊन निजली होती. खाली शिपाईकाकांचा जुना टॉवेल होता आणि बाजूला दुधाची बशी. पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. भोपू एवढा मोठ्यानं हसला, की मांजरीनं कान मागे टाकले.

रंगारीकाका खाली उतरले आणि मान खाली घालून उभे राहिले. "दुसऱ्याच दिवशी व्याली ती तिथे," ते म्हणाले. "तिला हुसकवायचा धीर नाही झाला साहेब. म्हटलं, मोरीचं पाणी काय, गटारातच जातंय."

"मीच सांगितलं तसं," शिपाईकाका चाचरत म्हणाले. "सुट्टीत बाई बूच बदलून ठेवायच्या ना. मला वाटलं, यंदाही कुणीतरी बदललं असेल."

 हेडसरांनी चष्मा काढून पुसला. मघाचा त्यांचा तोरा पार उतरला होता.

"मुलांनो, तुमचं म्हणणं मी नीट ऐकून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "पण आता बोल कुणाला लावणार? आजारपणात बाईंकडून ते कुणाला सांगायचं राहून गेलं असणार."

मुंगी नुसती गप्प राहिली असती, तरी भागलं असतं. दोष बाईंवर गेला असता, आणि बाई काही सांगायला येणार नव्हत्या. 

"बाईंकडून नाही राहिलं," ती म्हणाली. "त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्याकडून राहिलं."

आणि मग तिला रडू आवरेना. भोपूनं आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "मुंगे, नको ना गं."

हेडसरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिला त्यानं बरं वाटलं नाही. तिला एकाच माणसाला हे सांगायचं होतं.

बाईंचे यजमान घड्याळजी होते. बाजारातल्या गल्लीत त्यांचं चिंचोळं दुकान होतं. भिंतभर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. सोबत आलेले दोघं पायरीवर थांबले आणि मुंगी एकटीच आत गेली. घड्याळकाकांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं. ते फार वाळले होते, आणि सदऱ्याची बटणं भलत्याच काजांत लागली होती.

मुंगीनं सगळं सांगितलं, टोपीसकट. हातातला चिमटा बाजूला न ठेवता ते ऐकत राहिले.

"सगळी गेली?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

ते उठून आतल्या खोलीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मुंगीला वाटलं, ते रागावले. आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेला. त्यांनी झाकण काढलं. काळी ओली माती, वर काकडीची सालं. त्यांनी करंगळीनं साल उचललं, तशी खालून तीन-चार लालसर गांडुळं लगबगीनं मातीत शिरली.

मुंगी बघतच राहिली.

"विरजण म्हणायची ती याला," घड्याळकाका म्हणाले. "दह्याचं ठेवतात ना बाजूला, तसं. मला म्हणाली होती, तीन दिवसांनी साल, रोज थोडं पाणी शिंपडायचं. घरातली तिची कुंडीतली सगळी झाडं वाळली गं माझ्या हातून. लक्षच लागत नाही. पण हा डबा तिनं माझ्या हातात दिला होता."

"पण विरजण कशाला ठेवायच्या?"

घड्याळकाका जरासे हसले. हसताना त्यांचे डोळे भरून आले. "पहिल्या वर्षी तिनं घरामागे असाच वाफा केला होता. सणकून ऊन होतं, गोणपाट भिजवायचं ती विसरली. सगळी गेली. दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून हा डबा. म्हणायची, विसरणारी माणसं आपण, आपल्याला डबा हवाच."

मुंगी पुन्हा रडली. या वेळी तिनं डोळे पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफा उपसायला सगळे जमले. जुनी माती रंगारीकाकांनी स्वतः पाट्या भरभरून बाहेर काढली. हेडसरांनी बाह्या दुमडून विटा धुतल्या आणि दोनदा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर चिखल उडवून घेतला. शिपाईकाकांनी नवं शेण आणलं, भोपूनं नाक मुरडत कालवलं. बूच मुंगीनं बदललं. टोपी खुंटीवरच होती. आधी तिनं टोपीवरची धूळ झटकली, मग खाली वाकली.

"काल जे झालं ते लपवणं सोपं होतं," हेडसर सगळ्यांसमोर म्हणाले. "मी मोठा असून मला ते कबूल करणं जमलं नसतं. बाईंनी शिकवलं ते खतापुरतं नव्हतं, हे आज कळलं मला. आणि या दोघांनी शोध लावला नसता, तर आम्ही नवी गांडुळंही त्याच पाण्यात घातली असती."

प्रोफेसरनं चष्मा सारखा केला. भोपूनं मान एवढी ताठ केली, की डोक्यावरची पाटी जवळजवळ सांडली.

घड्याळकाकांनी डबा वाफ्यावर उपडा करायला घेतला आणि मध्येच थांबले. अर्धी माती वाफ्यात पडली होती, अर्धी डब्यात होती.

"एवढं माझ्याकडे राहू दे का?" त्यांनी विचारलं. विचारलं मुंगीला, हेडसरांना नाही.

मुंगीनं डब्यात पाहिलं. मग तिनं भोपूच्या पिशवीतून मूठभर सालं घेतली, मातीवर पसरली आणि भोकांचं झाकण घट्ट लावून डबा त्यांच्या हातात दिला.

"तीन दिवसांनी मी येते सालं घेऊन," ती म्हणाली. "आणि काका, तुमची बटणं चुकलीत."

त्यांनी खाली पाहिलं. डबा काखेत धरून, एका हातानं, सावकाश, त्यांनी ती सगळी सोडली आणि पुन्हा लावली.