जुपून पाहिल्याशिवाय

साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर श्रावणाची सर नुकतीच ओसरली होती. दवाखान्यातली नर्सबाई शालू कडेकडेने घरी निघाली होती, अन् समोरून आलेली जुनी जीप अख्खा रिकामा रस्ता सोडून नेमकी तिच्याच बाजूला कलली. पांढऱ्या साडीवर चिखलाचे शिंतोडे उडाले.

चालवणारा तरुण ओशाळून खाली उतरला. त्याने खिशातला रुमाल पुढे केला.

"एवढा रस्ता तुमाले पुरला नाही काय?"

"मले पुरला होता, बाई..." त्याने जीपकडे पाहिलं. "गाडीले पुरला नाही."

वर थट्टा! शालूने रुमाल घेतला नाही. पण हसताना त्याच्या गालावर पडलेली खळी, नको म्हटलं तरी, घरापर्यंत तिच्यासोबत आली.

येऊन पाहते तर तीच जीप अंगणात. तिचे वडील शेषराव अन् जुन्या गाड्यांचे व्यापारी गुलाबराव समोरासमोर बसलेले, दोघांचे हात एका उपरण्याखाली. बैलबाजारात बोटं दाबून भाव ठरवतात, तसाच सौदा चालला होता. शेषरावांनी जीप पारखलीही बैलासारखीच. टायर खुरांसारखे ठोकले, बॉनेटवर पाठीवर मारावी तशी थाप मारली, अन् माल पसंत केला.

गाडी हवी होती ती शालूसाठीच. मागच्या पावसाळ्यात गावातल्या वच्छलाबाईला बाळंतपणासाठी दवाखान्यात आणताना बैलगाडी नाल्यात रुतली अन् माय-लेकरू थोडक्यात वाचलं. चारही चाकांना जोर असलेली जीप तो चिखल सहज तुडवणार होती. पण आडवाटेच्या उतारांवर तिच्यात अवघडलेली बाई असणार, हे शालूच्या मनातून जात नव्हतं.

उपरणं निघालं. भाव ठरला.

तो ड्रायव्हर, नीळकंठ, भिंतीला टेकून उभा होता. शालूने चहाचा कप त्याच्या हाती दिला, पण नजर काही त्याच्यावरून हटवली नाही. गाडीले पुरला नाही... ही थट्टा होती की इशारा? इशारा असेल तर हा आता गप्प काऊन? अन् लबाडी असेल तर तेवढं तरी बोलला कशाला?

"गाडीत खोट हाय ना?" तिने हळूच विचारलं.

"मी त्यांचा नोकर हाय, बाई." त्याने कपात पाहत उत्तर दिलं. "मले नका विचारू... गाडीलेच विचारा."

शालू वळली. बैल जुपून पाह्यला काय, असं तिने वडलांना सगळ्यांसमोर विचारलं. भाव ठरला तरी बैल जुपून चार पावलं चालवल्याशिवाय सौदा पक्का होत नाही, ही बाजाराची रीतच. शेषरावांनी मान डोलावली. गुलाबराव हसले अन् नीळकंठला फिरवून आणायला सांगितलं. सांगताना त्यांनी डोळा बारीक केला. शालूला ते दिसलं.

म्हणजे दोघं सामील!

ती मुद्दाम त्याच्या शेजारी बसली, शेषराव मागे. गाडी सरळ चालली होती, पण नीळकंठचे हात काही स्थिर नव्हते. जरा इकडे, जरा तिकडे, सारखे स्टिअरिंग सावरत होते.

"सरळ रस्त्यावर हात काऊन हलवून राह्यले? जरा सोडा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं असतं तर खोट झाकली गेली असती, नोकरीही राहिली असती. वेग कमी करून त्याने दोन्ही हात उचलले.

जीप आपली आपणच डावीकडच्या गवतात शिरली.

मग नीळकंठने काही लपवलं नाही. इंजिन बंद करून त्याने शेषरावांना दाखवलं. स्टिअरिंग वीतभर नुसतंच फिरत होतं, चाक जागचं हलत नव्हतं. पुढचं चाक वरून धरून हलवलं, तर आतून खट्खट् आवाज आला. उतारावर एक खड्डा लागला तर गाडी आवरणार नाही, असं तो म्हणाला.

अंगणात परतल्यावर हे कळताच गुलाबरावांनी त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं.

शालूचा संशय तरीही फिटला नाही. परक्यासाठी कोणी पोटावर पाय मारून घेतो?

"तुमाले काहीतरी पाहिजे असंल," ती म्हणाली.

"हाव," तो म्हणाला. "पण आज नाही मागत."

ती बातमी पंचक्रोशीत फिरली अन् जीपला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी शेषरावांनीच ती उतरत्या भावात घेतली अन् नीळकंठला बोलावून दुरुस्त करवली. पोळ्याला बैलांच्या रांगेत जीपही उभी राहिली, गळ्यात झेंडूची माळ घालून.

शालूने स्वतः शेजारी बसून पाहिलं. नीळकंठने हात उचलले, जीप सरळ चालत राहिली. पुन्हा उचलायला लावले. पुन्हा सरळ.

"आता तरी फिटला संशय?" गाडी थांबवून त्याने तोच रुमाल आपल्या तळव्यावर पसरला. "एक सौदा राह्यला, शालूबाई."

तिने एकदा त्या रुमालाकडे पाहिलं. मग तिचा हात हळूच त्याखाली गेला... अन् त्याने तिचं एकच बोट दाबलं.

"जुपून पाह्यल्याशिवाय मी सौदा पक्का करत नाही," ती खाली पाहत म्हणाली.

"करूच नका."

पण हात काही तिने काढून घेतला नाही.