दगडफुलाचं समीकरण

त्या काळी पीएच.डी.ला एकट्यानं प्रवेश मिळत नसे. प्रवेश जोडीनं व्हायचा आणि जोड्या लावायचं 'दगडफूल समीकरण'.

यामिनी सोहोनीच्या आईला हे कधीच पटलं नव्हतं. "मसाल्यातल्या दगडफुलाचा आणि तुझ्या गणिताचा काय संबंध गं?" तिनं फोनवर पुन्हा विचारलं.

"दगडफूल म्हणजे एक जीव नाही, आई. दोन आहेत. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. बुरशी त्याला आसरा देते आणि त्याचंच खाते. या देवघेवीचं गणिती प्रतिरूप जीवशास्त्रात बनलं, मग ते बँकांना लागू पडलं, मेंदूतल्या पेशींना पडलं, आणि शेवटी आम्हा संशोधकांना."

"मग तुमच्यात बुरशी कोण?"

"कल्याणी. आणखी कोण?"

कल्याणी भिसे पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत खुपत होती. समीकरणं मांडायची यामिनीनं, आणि ही बाई शेजारी बसून नुसतं "पण असं का?" विचारणार. तरी सगळ्यांची लाडकी तीच. आता अंटार्क्टिकाच्या बर्फाचं प्रतिरूप करायची एकुलती एक जागा निघाली, जिला जोडीची अट नव्हती, तर तीही कल्याणीलाच. यामिनीनं पेढा हसून खाल्ला, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

ती तडक मार्गदर्शक होनपसरांकडे गेली. "आमची जोडी समीकरणात तोडून बघा, सर. कोण कोणाच्या जिवावर जगतंय ते कळू दे एकदा."

सरांनी टाळून पाहिलं. ती हटेना, तेव्हा त्यांनी जोडी तुटल्यावर दोघींचं काम कसं चालेल याच्या दोन रेषा पडद्यावर काढल्या. एक जराशी खचून पुन्हा वर चढत गेली. दुसरी घसरत तळाला टेकली, ती उठलीच नाही.

"बिचारी," यामिनी म्हणाली.

"खालची रेषा तुझी आहे. तुझं प्रत्येक चांगलं समीकरण तिच्या एखाद्या प्रश्नानंतर आलंय. तिच्यावर जळत मांडलंयस तू ते."

"दुसरी जोडीदार द्या मग."

"तीही समीकरणात घालून पाहिली. दुसऱ्या कोणावर तू इतकी जळत नाहीस."

"प्रतिरूप चुकू शकतं, सर."

"शकतं. कल्याणीलाही मी हेच म्हणालो. तिनं हा आलेख पाहिलाय. तुझ्यासाठी ती जागा सोडतेय. तुला सांगू नका म्हणाली होती, पण तू तरी तिला समजाव. तुझंच ऐकेल ती. संध्याकाळपर्यंत तिला होकार की नकार ते कळवायचंय."

यामिनी बाहेर पडली. खरं तर तिला लाज वाटायला हवी होती. वाटला तो मत्सरच. एवढं मोठं मन या बाईला मिळालं कुठून, आणि मला का नाही?

कल्याणी टेबलाशी बसली होती. "मी जात नाहीये गं अंटार्क्टिकाला," ती हसून म्हणाली. "थंडी सोसत नाही मला."

'जा' एवढंच म्हणायचं होतं. यामिनीनं खुर्ची ओढली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता हे कालचं समीकरण बघ, आणि काहीतरी विचार."