विलिसीच्या डाव्या बाजूची जागा

आमच्या जेवणघरात चाळीस पोरं चटईवर दाटीवाटीने बसतात. कोपराला कोपर लागतं, एकाचा उकडलेला कसाव्याचा कंद दुसऱ्याच्या ताटात जातो आणि मी, म्हणजे सगळ्यांची नाऊ लाइसानी, मधून ओरडत फिरते. नाऊ म्हणजे आई. आमच्या बेटावरच्या रेवा नदीकाठच्या या बालगृहात माझं निम्मं आयुष्य गेलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जंतांच्या औषधावर आहे.

विलिसी आली ती वादळानंतर, लांबच्या बेटावरून. वय असेल पाच. कडेवर तान्हा भाऊ, सेमा. आईला समुद्राने नेलं, ती सापडलीच नाही. पोर बोलत नव्हती, त्याचं मला काही वाटलं नाही. अशी पोरं हळूहळू बोलती होतात. पण ती जेवतही नव्हती. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. सरकारी खात्याच्या सालोतेबाईंनी स्पष्टच सांगितलं, "मी पुन्हा येईन तेव्हा पोरीच्या अंगावर मांस दिसलं नाही, तर तिला उपचारांसाठी राजधानीत हलवावं लागेल. बाळ इथेच राहील."

सेमाला तिच्यापासून तोडायचं? 

तिच्यावर डोळा ठेवून असतानाच एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या गर्दीत विलिसीच्या डावीकडे एका माणसाची जागा मोकळी राहायची. मी आमच्या दांडगट अकानिसीला धरून तिथे बसवलं. ती चटका बसल्यासारखी उठली.

"काय गं, चटई चावते का?"

"तिथे बसल्यात ना, नाऊ."

"कोण?"

"मोठं माणूस आहे. मला काय माहीत? तोंडाकडे बघत राहायचं नसतं, तूच सांगतेस."

सांगते खरी. मोठ्यांकडे टक लावून बघायचं नाही, त्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही, बसलेल्यांसमोरून जाताना कंबरेत वाकून 'तुलो' म्हणायचं, माफी मागून पुढे जायचं. आमची पोरं बोलायला लागली की हे शिकतात.

"पोरींनी तुला बनवलं गं, लाइसानी!" स्वयंपाकघरातून बुबू तोरिका हसली. बुबू म्हणजे आजी. ती तर माझ्याही आधीपासून इथे आहे. हसत हसत ती अळूच्या भाजीचं पातेलं घेऊन आली आणि त्या मोकळ्या जागेपाशी वाकून पुटपुटली, "तुलो."

"आता तू कुणाला म्हणालीस?"

"सवय गं," ती म्हणाली. पण पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.

मला राग आला. पोरांच्या डोक्यात असलं खूळ शिरलं की घर बिघडतं. मी ताठ मानेने निघाले आणि त्या जागेवरून सरळ चालत गेले. पायाखाली चटई ओली लागली, गार. समुद्राचा वास आला. आमच्याकडे नदीच्या गाळाचा वास येतो, समुद्राचा नाही.

चाळीस तोंडं चावायची थांबली होती. विलिसी माझ्याकडे बघत होती. चारचौघांत कुणी आपल्या आईचा अपमान केला तर पोर जसं बघेल, तसं. तिने ताट सरकवलं, आणि त्यानंतर ती पाण्यालाही तोंड लावेना.

शेवटी मी हरले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला सगळ्यांसमोर त्या जागेपुढे वाकले, तुलो म्हणाले, मांडी घालून बसले. लाजेने कान तापले होते. भरलेलं ताट पुढे ठेवलं.

"चुकलं माझं. जेवून घ्या."

काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. मग विलिसीने कसाव्याचा तुकडा उचलला, नारळाच्या रसात बुडवला आणि खाल्ला. आणखी एक खाल्ला. ताट चाटूनपुसून साफ केलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

तेव्हापासून मी तिथे रोज ताट मांडू लागले. ते तसंच परत यायचं. बुबू ते डुकरांना घालायची, पण डुकरं तोंड लावायची नाहीत.

काही महिन्यांनी सालोतेबाई पुन्हा आल्या तेव्हा जेवणं चालली होती. विलिसीचे गाल त्यांनी दारातूनच पाहिले आणि हसल्या. "ही तीच का? मग कशाला हलवायचं! राहू दे दोघांना इथेच."

एवढ्यात सेमा माझ्या मांडीवरून उतरला. तोवर तो धरून धरून उभा राहायचा, चालला कधीच नव्हता. आज काहीही न धरता उठला आणि चटईवरून डुलत निघाला. आम्ही सगळे टाळ्या वाजवू लागलो.

तो बहिणीकडे गेला नाही.

मोकळ्या जागेपाशी थांबला. एक हात पुढे करून टेकला. मग दुसरा हात वर गेला, आणखी थोडा वर, आणि हवेत काहीतरी थोपटू लागला.

टाळ्या थांबल्या.

विलिसीने तो हात अलगद धरून खाली आणला. आवाज घोगरा होता, कित्येक महिने न वापरलेला.

"डोक्याला नाही, सेमा. खांद्याला धर."

"बोलते की ही!" सालोतेबाई आनंदाने ओरडल्या.

मी सेमाकडे बघत होते. त्याने आता पुढच्या हातावर सगळा भार टाकला होता, पाय तिरके, मान वाकवून गाल कुठेतरी टेकवलेला.

गाल दबलेला होता.