हिरव्या चटईची चाल

"ओढ! कोपरं वर! खांद्यातून ओढ, खांद्यातून!" सर गरजले.

काडी दात-ओठ खाऊन ओढत होती. समोर स्लेड, म्हणजे वजनं लादलेली बिनचाकाची लोखंडी गाडी. दोन्ही पट्टे खांद्यापर्यंत खेचायचे, एक पाऊल मागे जायचं, पुन्हा खेचायचं! पण स्लेड निम्म्यातच रुतली.

"सर, खांदा फार दुखतोय."

"नाटकं! खांदा आहे की भिजलेलं बिस्किट? जा, दुबळ्यांच्या बाकावर!"

बोट क्लबच्या सुट्टीतल्या शिबिरात हे रोजचंच होतं. सर हाडाचे आळशी. स्लेड परत आणायला नको, म्हणून एकानं ती दारापासून भिंतीपर्यंत ओढायची, पुढच्यानं भिंतीपासून दारापर्यंत! पहिला नंबर कायम त्यांच्या भाच्याचा, पैलवानाचा. दुसरा काडीचा. दुबळ्यांनी शेवटी बाकापुढे वजनं डोक्यावर धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्यांना हसायचं, असा नियम! बोटीत आता एकच जागा उरली होती. ती पैलवानाला मिळणार की काडीला, हे दुपारी अध्यक्षबाईंसमोर ठरणार होतं. काडीनं त्या जागेसाठी अख्खी सुट्टी पणाला लावली होती.

बाकावर चष्मिश कुजबुजला, "ए, गंमत बघ! आपण सगळे दुबळे दाराकडेच ओढतो. भिंतीकडे ओढणारा एकही इथे नाही!"

"मग दाराकडे काय भूत बसलंय?" काडी वैतागली.

चष्मिशनं खाली वाकून स्लेडखालच्या हिरव्या चटईवर हात फिरवला. भिंतीच्या दिशेनं मऊ! दाराच्या दिशेनं खरखरीत! चटईचं नकली गवत एकाच बाजूला झुकलेलं होतं. दाराकडे येताना स्लेड त्यात अडकत होती.

"सरांना सांगूया?"

"ते म्हणणार, नाटकं!"

सर चहाला गेले, तशी दुबळ्यांनी चटई गुंडाळली, फिरवली आणि उलट्या दिशेनं अंथरली. काडी मात्र डाव्या हातानंच ढकलत होती.

दुपारी पैलवान ऐटीत पुढे आला. दोन हिसके, आणि स्लेड ठप्प!

"मामा, आज जड आहे हो!"

"नाटकं! खांदा आहे की भिजलेलं बिस्किट?" सर सगळ्यांसमोर ओरडले. पैलवानाच्या डोळ्यांत पाणी आलं, तसं बाक खदाखदा हसलं. काडीही हसली. तिला फार बरं वाटलं.

"सरक! मी दाखवतो!" सरांनी पट्टे पकडून जोरात हिसका दिला. हातातून पट्टे सुटले आणि सर धप्पकन बुडावर! अध्यक्षबाईसुद्धा हसल्या.

"सर, जरा चटईवरून हात फिरवून बघा," चष्मिश शांतपणे म्हणाला.

सरांनी फिरवला. मग अध्यक्षबाईंनी फिरवला. "आज आम्ही चटई फिरवली. सकाळपर्यंत काडी याच खरखरीत बाजूनं निम्म्यापर्यंत आणायची," चष्मिशनं सांगितलं.

"म्हणजे ही मुलगी रोज उलट्या गवतातून ओढत होती? आणि तरी निम्म्यापर्यंत आणत होती!" बाई उठल्या. "शाबास रे पोरांनो! सर, ही जागा हिची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी जवळ येऊन काडीच्या उजव्या खांद्यावर कौतुकानं थाप मारली.

काडी किंचाळून खाली बसली.

"हात वर कर बघू, बाळ," बाई घाबरून म्हणाल्या.

काडीनं सगळा जीव एकवटला. हात खांद्यापर्यंतही पोचेना.

"वर जातच नाहीये," ती म्हणाली. "चार दिवस दुखतोय. मी सरांना सांगितलं होतं."

संध्याकाळी बोट पाण्यात उतरली. काडीच्या जागेवर पैलवान बसला होता.