दुर्गाघाटावरच्या खोलीला कडी कोण लावतं?

२०२३च्या पितृपक्षात, उत्तरेतल्या एका तीर्थक्षेत्री, दुर्गाघाटावरच्या शरदिनीबाई आठ दिवसांत चार वेळा स्वतःच्याच खोलीत कोंडल्या गेल्या. सकाळी दार ओढावं तर हलत नसे. दुपारी ते आपसूक सैल होई. खिडकी एकच, तीही समोरच्या भिंतीकडे बघणारी. सत्तरी ओलांडलेल्या बाईंचा जीव तेवढ्या वेळात कासावीस होई.

घरात कायमची आणखी दोघंच होती, पुतण्या सुमंत आणि स्वयंपाकाची तेजश्री. 'काकू, घर विका, पुण्याला जाऊ' म्हणून सुमंत वर्षभर मागे लागला होता. आपल्याला घाबरवायला तोच कोंडतो, असं बाईंनी धरलं. रविवारी त्याला घराबाहेर काढायचं ठरलं. त्याआधी खात्री हवी, म्हणून त्यांनी खासगी तपास करणाऱ्या मृणालिनी बर्वेंना बोलावलं. सोबत त्यांचा मदतनीस बाळू आला.

मृणालिनीनं आधी दार पाहिलं. बाहेरची कडी नव्या रंगात फळीला चिकटून बसली होती. रंगावर चरासुद्धा नव्हता.

"मग आतून कुणी लावली असेल, ताई," बाळू म्हणाला.

"आत मावशीच होत्या, बाळू."

सुमंत म्हणाला, घरी श्राद्धाला आलेले यात्रेकरू उतरले की पहाटे गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरतो. आंघोळी-धुणी होऊन दुपारपर्यंत ती संपते. एरवी पाव टाकी पुरते. बाई कोंडल्या ते चारही दिवस यात्रेकरूंचे होते.

तेजश्रीची तक्रार वेगळी होती. परातीतल्या पिठात छताचा चुना पडायचा. बाईंच्या खोलीला लागून असलेलं स्वयंपाकघर मात्र ऐसपैस झालं होतं. श्राद्धाचा सोवळ्यातला स्वयंपाक कुणाचा धक्का न लागता व्हावा, म्हणून बाईंनी श्रावणात स्वयंपाकघर आणि कोठीमधली भिंत काढवली होती.

"कुणाकडून?"

परवानाधारक ठेकेदार आधी नकाशा आणि लोखंडी तुळई मागत होता. त्यात दीड महिना जाणार, आणि पितृपक्ष तोंडावर. बाईंनी श्रीराम मिस्त्रीला लावलं. तो म्हणाला होता, "अम्माजी, नक्शे का क्या करना? आठ दिन में हो जाएगा."

शुक्रवारी दार पुन्हा अडकलं. आतून बाईंची हाक आली. मृणालिनीनं सुमंतला टाकी रिकामी करायला सांगितलं. गल्लीभर पाणी वाहिलं. अर्ध्या तासानं दार करकरलं आणि उघडलं.

"कडी कुणीच लावली नाही," मृणालिनी सांगू लागली. "रंग शाबूत आहे. छताचा आणि टाकीचा भार त्या काढलेल्या भिंतीवर होता. ती गेली, आणि टाकी भरली की छत दबतं, चौकट आवळते. चुना पडतो तोही त्यामुळेच. पाणी संपलं की दार सुटतं."

"म्हणजे गुन्हेगार टाकी?" बाळूनं विचारलं.

"टाकीचा काय दोष? भिंतीवर काय उभं आहे, हे श्रीरामनं पाहिलंच नाही. ठेकेदारानं पाहिलं होतं, म्हणून तो तुळई मागत होता. मावशी, आज दार अडकलं. उद्या छत तेजश्रीच्या डोक्यात आलं असतं."

बाई सुमंतकडे वळल्या. "रविवारी तुला घालवणार होते मी."

"माहीत होतं, काकू. तेजश्री बोलली होती."

त्याच दिवशी यात्रेकरूंना शेजारी हलवलं. परवानाधारक ठेकेदारानं नकाशा काढून तुळई बसवली. त्याला दोन महिने लागले आणि बाईंनी एकदाही घाई केली नाही. सुमंत पुढं पुण्याला एकटाच गेला. दर आठवड्याला फोन करतो. तेजश्रीनं स्वयंपाकघर सोडलं नाही. मृणालिनी नव्या कामाला लागली आणि बाळू अजून कड्याच तपासतो.

श्रीराम मिस्त्री दुसऱ्या वर्षी ब्रह्माघाटावर एक भिंत फोडताना दिसला. बाई काठी टेकत तिथं गेल्या. त्या घरच्या सुनेला म्हणाल्या, "आधी याचा परवाना बघ, बाई. मी बघितला नाही, आणि घरातल्या पोरावर आळ घेऊन बसले."